अमेरिकेत मॉर्गेज लोन ओरिजिनेटर कसं व्हायचं: एनएमएलएस खात्यापासून पहिल्या फाइलपर्यंत

तुम्ही अमेरिकेत घर घेतलं असेल तर क्लोजिंगच्या, म्हणजे शेवटच्या सह्यांच्या, दिवशी हातात पडलेला कागदांचा गठ्ठा शोधून काढा. त्यात क्लोजिंग डिस्क्लोजर नावाचा पाच पानांचा कागद सापडेल. त्याच्या शेवटच्या पानावर एक तक्ता असतो: लेंडर, ब्रोकर, दोन्ही बाजूंचे एजंट, सेटलमेंट एजंट. लेंडरच्या रकान्यात दोन एनएमएलएस नंबर दिसतील. एनएमएलएस म्हणजे या धंद्यातल्या परवान्यांची देशव्यापी नोंदवही. एक कंपनीचा, आणि दुसरा त्या माणसाचा, ज्याला तुम्ही दोन महिने रात्री दहा वाजता फोन करून ‘रेट आजच लॉक करू का?’ असं विचारत होता. हा दुसरा नंबर ज्याच्या नावाने असतो तो मॉर्गेज लोन ओरिजिनेटर. बोलताना सगळे एमएलओ किंवा नुसतंच लोन ऑफिसर म्हणतात.

आपल्याकडे होम लोनचा फॉर्म घेऊन घरी येणारा माणूस बहुतेक वेळा बँकेचा डीएसए, म्हणजे कर्ज विकणारा एजंट, असतो. त्याची ओळख बँकेच्या नावावर चालते. इथे उलट आहे. नंबर तुमचा स्वतःचा, आयुष्यभराचा. कंपनी बदलली, राज्य बदललं तरी तोच राहतो, आणि त्याच्यासोबत तुमचा इतिहासही राहतो. कोणीही एनएमएलएस कन्झ्युमर अ‍ॅक्सेस या मोफत साइटवर तुमचं नाव टाकून तुम्ही कुठे कुठे काम केलंत आणि तुमच्यावर कधी कारवाई झाली का, हे पाहू शकतो.

मी हे लायसन्स न्यू जर्सीत काढलं. तेव्हा मी एच-४ ईएडीवर (एच-१बी वाल्याची जोडीदार म्हणून मिळालेल्या कामाच्या परवान्यावर) होते, हातात पुण्याची कॉमर्सची पदवी होती आणि मॉर्गेजमधलं ‘टी’ उच्चारायचं नाही एवढंच ठाऊक होतं. आता ओळखीपाळखीतले लोक विचारतात, की परीक्षा किती अवघड असते. परीक्षा अभ्यास केला की होते. लोक अडखळतात ते फॉर्ममध्ये आणि नंतर पहिल्या सहा-आठ महिन्यांच्या रिकाम्या खिशाशी. म्हणून त्या दोन ठिकाणी मी जास्त थांबणार आहे.

आधी व्हिसा बघा

एच-१बी वर असाल तर इथेच थांबा. एच-१बी हा एका मालकाचा परवाना. ‘संध्याकाळी साइडला लोन करतो, कमिशन बायकोच्या खात्यात घेतो’ हे मी तीनदा तरी ऐकलंय. काम कोणी केलं ते फाइलवर नाव, नंबर आणि सहीसकट दिसतं, त्यामुळे हा बिनपरवाना रोजगार लपत नाही. ग्रीन कार्ड पुढे कधीतरी येणार असेल तर त्याच्या वाटेत स्वतःच खड्डा खणू नका.

नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि ज्यांच्याकडे कुठेही काम करण्याची परवानगी आहे ते लोक हे करू शकतात. २०१५च्या मे महिन्यापासून एच-४ वरच्या काही जोडीदारांना ईएडी मिळू लागलं, त्यातून आपल्या कितीतरी बायका या धंद्यात आल्या. कंपनीच्या बदलीवर आलेल्यांच्या एल-२ जोडीदारांनाही वाट मोकळी आहे. सोशल सिक्युरिटी नंबर मात्र हवाच, त्याशिवाय एनएमएलएसमध्ये पाऊलही टाकता येत नाही.

बँकेतून की लायसन्स काढून?

२००८च्या पडझडीआधी अनेक राज्यांत घराचं कर्ज विकणाऱ्या माणसाला फारसं कोणी काही विचारत नव्हतं. काल गाड्या विकणारा आज ‘उत्पन्नाचा पुरावा नको’ म्हणत कर्ज वाटत होता. त्या वर्षी जुलैअखेर सेफ अ‍ॅक्ट आला आणि प्रत्येक ओरिजिनेटरला नोंदणी सक्तीची झाली. पण कायद्याने दोन दारं ठेवली.

पहिलं दार बँक किंवा क्रेडिट युनियनचं. तिथे नोकरीला लागलात तर तुमची नुसती फेडरल नोंदणी होते. बोटांचे ठसे द्यावे लागतात, पण ना २० तासांचा कोर्स, ना परीक्षा. दुसरं दार मॉर्गेज कंपन्या आणि ब्रोकर यांचं. तिथे राज्याचं लायसन्स लागतं, आणि या लेखातले सगळे टप्पे त्याच वाटेचे आहेत.

नवख्या माणसाने कुठलं निवडावं? ज्याला दरमहा पगार लागतो, घरात एकच कमावतं माणूस आहे, त्याने बँक बघावी. तिथे पगार बांधलेला असतो आणि ग्राहक शाखेतून चालत येतो. पण एका बँकेकडे तिची स्वतःचीच उत्पादनं असतात. ब्रोकरकडे एकाच ग्राहकासाठी पाच-दहा लेंडर तपासता येतात, कमिशनही जास्त असतं, फक्त ग्राहक स्वतः आणावा लागतो. बँकेत वर्षभर नोंदणीकृत राहिलेल्या माणसाला पुढे कंपनीत जाताना बहुधा तात्पुरती परवानगी मिळते. अर्ज मंजूर होईपर्यंत १२० दिवसांपर्यंत काम करता येतं. ही सोय २०१९च्या नोव्हेंबरपासून आहे, आणि ती नव्याकोऱ्या माणसाला लागू होत नाही.

पहिला टप्पा: खातं, आणि नावाचा घोळ

एनएमएलएसच्या साइटवर ‘इंडिव्हिज्युअल’ म्हणून खातं उघडायचं. दहा मिनिटांचं काम, फुकट. खातं झालं की लगेच तुमचा नंबर मिळतो. लायसन्स नसतानाही मिळतो, त्यामुळे नंबर आला म्हणजे काम सुरू करता येतं असं समजू नका.

इथे मराठी माणसाचा एक खास घोळ होतो. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. काहींच्या पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’मध्येच पहिल्या नावाला चिकटलेलं असतं. सोशल सिक्युरिटी कार्डवर वेगळं, ड्रायव्हिंग लायसन्सवर तिसरंच. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर चौथं. परीक्षेला जाताना सरकारी ओळखपत्रावरचं नाव आणि एनएमएलएस खात्यातलं नाव जुळावं लागतं. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवर माहेरचं आडनाव होतं आणि खातं उघडताना मी सवयीने सासरचं टाकलं होतं. परीक्षेच्या आठ दिवस आधी, रात्री कागदांची पिशवी भरताना ते लक्षात आलं. नाव सुधारण्यासाठी कागद पाठवा, उत्तराची वाट बघा, तोवर अभ्यासात मन नाही. तुम्ही खातं उघडायच्या आधीच सगळी ओळखपत्रं टेबलावर ओळीने मांडा, जे ओळखपत्र परीक्षेला नेणार त्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच टाका, आणि बाकीची नावं फॉर्ममध्ये ‘इतर नावं’ विचारतात तिथे लिहा.

दुसरा टप्पा: वीस तासांचा कोर्स

प्री-लायसन्सिंग एज्युकेशन, म्हणजे पीई, किमान २० तासांचं असतं. ३ तास फेडरल कायदे, ३ तास नीतिमत्ता, २ तास नॉन-ट्रॅडिशनल कर्जं (३० वर्षं ठरावीक दराचं कर्ज सोडून इतर) आणि उरलेले १२ तास इतर विषय. काही राज्यं त्यात आपल्या स्वतःच्या कायद्याचे तास मागतात. म्हणून कोर्स विकत घेण्याआधी एनएमएलएसवर आपल्या राज्याची चेकलिस्ट उघडून वाचा. कॅलिफोर्नियात आणखी एक पेच आहे. तिथे दोन खाती हे लायसन्स देतात: वित्तीय खातं, म्हणजे डीएफपीआय, आणि रिअल इस्टेट खातं, म्हणजे डीआरई. दुसऱ्याकडून हवं असेल तर आधी रिअल इस्टेटचं लायसन्स लागतं. तुम्ही ज्या कंपनीत जाणार तिचा परवाना कुणाचा आहे, त्यावर तुमची वाट ठरते.

कोर्स एनएमएलएसने मान्य केलेल्या संस्थेचाच हवा. ऑनलाइन मिळतात, साधारण दोन-चारशे डॉलर पडतात. ऑनलाइन कोर्समध्ये मध्येमध्ये माउसने अक्षरं गिरवून तुम्हीच बसला आहात याची खात्री करून घेतात. ‘बाहेर कुणाला बसवू’ असा विचारही नको. २०२२च्या जानेवारीत देशभरातल्या चारशेहून जास्त ओरिजिनेटरांनी राज्यांशी तडजोड केली. आरोप असा, की त्यांनी वार्षिक शिक्षणाचे तास प्रत्यक्ष न करता केले असं दाखवलं. त्यांना तीन महिन्यांसाठी लायसन्स सोडावं लागलं आणि ज्या ज्या राज्यात लायसन्स होतं त्या प्रत्येक राज्याला हजार डॉलर द्यावे लागले. हे सगळं आज कोणीही वाचू शकतं.

कोर्स झाल्यावर तीन वर्षांत लायसन्स काढलं नाही तर तास बाद होतात. मूल लहान आहे, पुढच्या वर्षी बघू, असं करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तिसरा टप्पा: परीक्षा

१२० प्रश्न, १९० मिनिटं, फी ११० डॉलर. १२०पैकी ५ प्रश्न चाचणीसाठी घातलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कुठले हे कळत नाही. उरलेल्या ११५मध्ये ७५ टक्के हवेत, म्हणजे ८७ उत्तरं बरोबर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. परीक्षा प्रोमेट्रिकच्या सेंटरवर किंवा घरून कॅमेऱ्यासमोर देता येते. घरून द्यायची असेल तर दार बंद होणारी खोली हवी. आपल्याकडे कुकरची शिट्टी आणि ‘अगं, जेवायला ये’ या दोन्हींचा भरवसा नाही, म्हणून मी सेंटरवर गेले.

नापास झालात तर ३० दिवसांनी पुन्हा बसता येतं. दुसऱ्यांदा नापास, तरी ३० दिवस. तिसऱ्यांदा गेली की मात्र १८० दिवस थांबा. मी पहिल्यांदा नापास झाले. का झाले ते सांगते, कारण बहुतेक जण याच खड्ड्यात पडतात.

मी व्याजाची गणितं, एलटीव्ही (घराच्या किमतीच्या तुलनेत कर्ज), डीटीआय (उत्पन्नाच्या तुलनेत हप्ते) यांवर भर दिला. कॉमर्सवाल्यांना ते सोपं जातं आणि आवडतं. पण पेपरात सर्वांत जास्त, २७ टक्के, वाटा असतो कर्जाच्या प्रत्यक्ष प्रक्रियेचा. फेडरल कायदे २४ टक्के, सर्वसाधारण ज्ञान २०, नीतिमत्ता १८ आणि सगळ्या राज्यांना समान असलेल्या कायद्यांचा भाग ११. कायद्यांमध्ये गंमत अशी, की सगळीकडे ‘तीन दिवस’ आहेत आणि प्रत्येक तीन वेगळा आहे.

उदाहरण घ्या. ग्राहकाने सहा गोष्टी दिल्या, म्हणजे नाव, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी नंबर, मालमत्तेचा पत्ता, तिची अंदाजे किंमत आणि हवी असलेली कर्जाची रक्कम, की कायद्याच्या लेखी अर्ज झाला. फॉर्म पुरा भरलेला असो वा नसो. तिथून तीन कामकाजाच्या दिवसांत लोन एस्टिमेट, म्हणजे कर्जाच्या खर्चाचा अंदाज, जायला हवं. हे दिवस म्हणजे कंपनीचं ऑफिस ज्या दिवशी चालू असतं ते. क्लोजिंग डिस्क्लोजर ग्राहकाच्या हातात सहीच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी पडायला हवं. पण इथे कामकाजाचा दिवस म्हणजे रविवार आणि फेडरल सुट्या सोडून सगळे दिवस. शनिवार धरायचा! म्हणजे गुरुवारी मिळालं तर शुक्र, शनि, सोम असे तीन मोजून सोमवारी सही होऊ शकते. रिफायनान्समध्ये (जुनं कर्ज फेडायला नवं घेताना) ग्राहकाला कर्ज रद्द करण्याचे जे तीन दिवस मिळतात, त्यातही शनिवार धरतात. आणि अर्ज नाकारला तर ती नोटीस ३० दिवसांत द्यायची. हे नियम नुसते वाचून राहत नाहीत. मी कालनिर्णयची मागची पानं घेऊन त्यावर खोट्या फाइलींच्या तारखा मांडल्या, रविवारवर काट मारली, आणि दुसऱ्या वेळी पास झाले.

अभ्यासाला किती दिवस? नोकरी नसेल तर तीन-चार आठवडे रोज दोन तास. सराव परीक्षेत सलग तीनदा ८५च्या वर गेल्याशिवाय तारीख घेऊ नका. नोंदणीनंतर परीक्षेला बसायला १८० दिवसांची मुदत असते, ती भरपूर आहे.

चौथा टप्पा: एमयू४, म्हणजे खरी परीक्षा

लायसन्सचा अर्ज म्हणजे एमयू४ हा फॉर्म. तो एनएमएलएसमध्येच भरायचा. यात मागच्या दहा वर्षांचे राहण्याचे पत्ते आणि दहा वर्षांचा कामाचा इतिहास मागतात. मध्ये फट राहून चालत नाही. तुम्ही २०१८मध्ये हिंजवडीत नोकरी सोडली, २०१९ला इथे आलात आणि चार वर्षं घरी होता, तर ती चार वर्षंही लिहायची. नोकरी नव्हती, शिकत होतो, घर सांभाळत होतो, जे होतं ते. भारतातले पत्ते आठवत नसतील तर आधी जुने भाडेकरार आणि पासपोर्ट काढा. फॉर्म उघडून मग शोधाशोध करू नका.

नंतर येतात डिस्क्लोजरचे प्रश्न. दिवाळखोरी, फोरक्लोजर (हप्ते थकल्याने घराची जप्ती), थकीत कर, कोर्टाचे निकाल, गुन्हे. इथे लोकांचा हात थरथरतो. नियम नीट समजून घ्या. फसवणूक, अप्रामाणिकपणा, विश्वासघात किंवा मनी लाँडरिंगचा फेलनी, म्हणजे गंभीर, गुन्हा कधीही झाला असेल तर दार बंद. इतर फेलनी असेल तर अर्जाआधीची सात वर्षं स्वच्छ हवीत. आणि याआधी कुठल्याही राज्याने ओरिजिनेटरचं लायसन्स कायमचं काढून घेतलेलं नसावं. याशिवायच्या बहुतेक गोष्टींवर रेग्युलेटर विचार करतो, खुलासा मागतो. पण लपवलेली गोष्ट क्रेडिट रिपोर्टमध्ये किंवा एफबीआयच्या अहवालात वर आली, तर आधी जो मुद्दा आर्थिक होता तो आता सचोटीचा होतो, आणि त्याला उत्तर नसतं. ‘हो’ उत्तर असेल तर सोबत कागद जोडा आणि अर्ध्या पानात, साध्या भाषेत काय झालं ते लिहा.

क्रेडिट रिपोर्टसाठी फेडरल कायद्यात किमान स्कोअर नाही. बघतात ते पैशाच्या बाबतीत माणूस जबाबदार आहे का: करथकबाकी, कोर्टाच्या डिक्र्या, गेल्या तीन वर्षांतलं फोरक्लोजर, गंभीर थकबाकीची सवय. इस्पितळाच्या एखाद्या बिलावरून कोणी लायसन्स अडवत नाही.

ठशांच्या तपासणीला ३६.२५ डॉलर, क्रेडिट रिपोर्टला १५, एनएमएलएसची प्रक्रिया फी तीस-पस्तीसच्या घरात, आणि त्यावर राज्याची फी, जी राज्यागणिक बदलते. कोर्स आणि परीक्षा धरून एका राज्याला साधारण सहाशे ते हजार डॉलर बाजूला ठेवा. काही कंपन्या हे पैसे परत देतात. नोकरीची बोलणी करताना विचारायला लाजू नका.

पाचवा टप्पा: कंपनी, म्हणजे स्पॉन्सर

सगळं मंजूर झालं तरी कंपनीने एनएमएलएसमध्ये तुम्हाला स्पॉन्सर करेपर्यंत लायसन्स चालू होत नाही. तोवर ते ‘अप्रूव्ड–इनअ‍ॅक्टिव्ह’ म्हणून पडून राहतं. त्या काळात मित्राला सहज म्हणून रेट सांगणं, अर्ज घेणं, सगळं बेकायदा. फोनवर ‘तुला साडेसहाला मिळेल बघ’ एवढंसुद्धा नको.

कंपनी निवडताना जाहिरातीतलं ‘सर्वाधिक कमिशन’ वाचून भुलू नका. कमिशन बेसिस पॉइंटमध्ये बोलतात. १०० बेसिस पॉइंट म्हणजे कर्जाच्या रकमेचा एक टक्का. समजा ४ लाख डॉलरचं कर्ज आहे आणि तुमचा वाटा ८० पॉइंट ठरलाय, तर ३,२०० डॉलर. ऐकायला छान. आता विचारा: फाइलचे कागद हाताळणाऱ्या प्रोसेसरचा पगार यातून कापणार का? सॉफ्टवेअरची फी? क्रेडिट रिपोर्टचे पैसे? ग्राहक मी आणला तर किती आणि कंपनीने दिला तर किती? ‘ड्रॉ’ देणार असाल तर तो पुढच्या कमिशनमधून वळता करणार का? म्हणजे ती उचल आहे, पगार नव्हे. माझ्या पहिल्या ठिकाणी हा फरक मला दुसऱ्या महिन्यात कळला. दोष माझा, करारात लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं.

एक गोष्ट कायद्यानेच ठरवलेली आहे. कर्जाच्या रकमेवर कमिशन चालतं, पण व्याजदर किंवा कर्जाच्या अटींवर नाही. ग्राहकाच्या गळ्यात जास्त दर मारला म्हणून तुम्हाला जास्त पैसे, हे बंद आहे. आणि एकाच कर्जात ग्राहकाकडूनही आणि लेंडरकडूनही मोबदला घेता येत नाही. कुठल्या मुलाखतीत ‘आम्ही ते वेगळ्या नावाने देतो’ असं ऐकलंत तर चहा संपवून निघा.

सहज ग्राहक मिळणार नाहीत असं वाटत असेल तर आधी सहा-आठ महिने लोन प्रोसेसर किंवा सहायक म्हणून पगारावर काम करा. परवानाधारकाच्या देखरेखीखाली कारकुनी काम करणाऱ्या पगारी माणसाला बहुधा लायसन्स लागत नाही. मी आज पुन्हा सुरुवात केली तर हेच करीन. पन्नास फाइली दुसऱ्याच्या जबाबदारीवर पाहायला मिळतात.

पहिली फाइल आपल्याच माणसाची

तुमची पहिली फाइल बहुतेक ओळखीतल्याच कुणाची असेल. म्हणून त्यात काय दिसतं ते जवळून दाखवते.

समजा एडिसनजवळ टाउनहाउस, कर्ज ४ लाख, ३० वर्षं, दर ६.५ टक्के. मुद्दल आणि व्याज मिळून हप्ता २,५२८ डॉलर. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स महिन्याला ८००, विमा १२०, एचओए, म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स, २५०. झाले ३,६९८. गाडीचा हप्ता ४५०, कार्डाचे किमान ५२. एकूण ४,२००. दोघांचं कर कापण्याआधीचं उत्पन्न महिना १०,००० असेल तर डीटीआय ४२ टक्के. नवा माणूस हमखास एचओए विसरतो. ती विसरली की आकडा ३९.५ दिसतो, ग्राहक खूश होतो आणि तीन आठवड्यांनी अंडररायटर, म्हणजे कर्ज तपासून मंजूर करणारा, तुमचा आनंद परत घेतो.

मग येतं डाउन पेमेंट. बँक स्टेटमेंटमध्ये मोठी रक्कम दिसली की तिचा उगम दाखवावा लागतो. आपल्या लोकांच्या खात्यात हमखास दिसणाऱ्या गोष्टी अशा: बाबांनी कोथरूडचा फ्लॅट विकून पाठवलेले पैसे, मित्राला दिलेले हातउसने परत आलेले, आणि भिशी. बाबांच्या पैशासाठी गिफ्ट लेटर, त्यांच्या खात्यातून निघाल्याचा पुरावा आणि इथे पोचल्याचा पुरावा लागतो. हे पैसे परत करायचे नाहीत असं लिहून द्यावं लागतं, आणि ते खरं असावं लागतं. भारतातून पाठवणाऱ्या निवासी माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, त्यामुळे क्लोजिंग एप्रिलमध्ये असेल तर मार्चचं नियोजन करता येतं. भिशीचं अंडररायटरला समजावणं हा वेगळाच कार्यक्रम. सरळ सांगा, की घर घ्यायच्या आधी तीन-चार महिने रोखीतली भिशी खात्यात भरू नका.

ओळखीतल्या कामाचा एक धोका पैशाचा आहे. मैत्रीण रिअल इस्टेट एजंट आहे, तिने ग्राहक पाठवला, तुम्ही दिवाळीला पाचशेचं गिफ्ट कार्ड दिलंत. घरखरेदीच्या व्यवहारांवरच्या रेस्पा कायद्याच्या आठव्या कलमाखाली ही लाच आहे. दंड दहा हजार डॉलरपर्यंत, आणि वर्षभराच्या कैदेची तरतूद. चिवड्याचा डबा प्रत्येकाला देता तसा द्या, ग्राहकामागे मोजून देऊ नका. मंडळाच्या गणेशोत्सवात स्टॉल लावायला हरकत नाही, पण फलकावर तुमचा एनएमएलएस नंबर हवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या मराठी ग्रुपवर टाकलेला मजकूरही जाहिरातच धरला जातो. त्यात हप्ता किंवा डाउन पेमेंटचा आकडा लिहिलात की एपीआर (खर्च धरून निघणारा वार्षिक दर) आणि इतर अटीही लिहाव्या लागतात, म्हणून कंपनीच्या कम्प्लायन्सला दाखवल्याशिवाय काही टाकू नका. आणि ‘फक्त आपल्या लोकांचंच काम करते’ असं गमतीतही म्हणू नका. राष्ट्रीय मूळ पाहून कर्जात डावं-उजवं करणं कायद्याने बंद आहे. मराठीत समजावून सांगणं ही तुमची जमेची बाजू, दार मात्र सगळ्यांना उघडं हवं.

दरवर्षीचं काम

लायसन्सचं नूतनीकरण दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर या काळात होतं. त्यासाठी ८ तासांचं शिक्षण लागतं: ३ तास फेडरल कायदे, २ नीतिमत्ता, २ नॉन-ट्रॅडिशनल, १ ऐच्छिक. काही राज्यं वर थोडं जास्त मागतात. गेल्या वर्षी केलेला तोच कोर्स लागोपाठ दुसऱ्या वर्षी धरत नाहीत, म्हणून विकत घेताना कोर्सचा नंबर तपासा. एकापेक्षा जास्त राज्यांत लायसन्स असेल तर परीक्षा परत नाही, पण फी आणि नूतनीकरण प्रत्येक राज्याचं वेगळं. सलग पाच वर्षं लायसन्स नसेल तर परीक्षाही पुन्हा द्यावी लागते. बाळंतपण, भारतात परत जाणं, आईवडिलांचं आजारपण यांत ही पाच वर्षं पटकन निघून जातात.

मी माझे आठ तास ऑगस्टमध्येच उरकते, गणपतीच्या तयारीआधी. डिसेंबरवर ठेवले तर वर्षअखेरची क्लोजिंग, मुलांच्या सुट्या आणि भारताचं तिकीट असं सगळं एकाच आठवड्यात येतं, आणि तेव्हा विमानतळावर बसून नीतिमत्तेचे दोन तास करावे लागतात. एकदा केलेत.